कारणासाठी एक ओळ

पट्टासाहेबांनी हातातली पिशवी आधी स्टुलावर ठेवली, मग ती उचलून जमिनीवर ठेवली, खाटेच्या कडेला धरलं आणि उजवा पाय लांब सोडून कसेबसे स्टुलावर बसले. गुडघा कट्टकन वाजला. खाटेवरचा माणूस हसला.

"अजून तेच का, साहेब?"

"ते आता कुठं जातंय? माझ्याबरोबरच जाईल ते."

खाटेवरच्या माणसाला साइटवर सगळे खार म्हणत. परांची बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीचे पाइपावर चढत, हा नुसता सरकत वर जाई. आता कमरेपासून खाली त्याचं सगळं अंग प्लास्टरमध्ये होतं आणि डावा पाय वजन लावून टांगलेला होता. चार दिवसांपूर्वी, बुधवारी सकाळी, तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. वाळूच्या ढिगावर पडला म्हणून वाचला, नशीबवान आहे, असं जो तो म्हणत होता. म्हणणाऱ्यांपैकी कुणाची कंबर मोडलेली नव्हती.

त्याची बायको खिडकीपाशी ओला कपडा पिळत उभी होती. तीही त्याच साइटवर फरश्या वाहायची. साहेब आल्यावर तिनं एकदा मान हलवली आणि पुन्हा कपड्याकडे वळली.

पट्टासाहेब हे नावही साइटनंच ठेवलेलं. ते सुरक्षा अधिकारी होते आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत "पट्टा लावा, पट्टा लावा" हाच त्यांचा जप. नव्या इमारती तीन आणि त्यांवरच्या माणसांच्या जिवाची राखण करायला हे एकटे. दोन वर्षांपूर्वी तिघं होते. एक सोडून गेला, एकाला काढलं, आणि उरलेल्याला "तुम्ही अनुभवी आहात" असं सांगण्यात आलं.

त्यांनी पिशवीतून फॉर्म काढून मांडीवर ठेवला. नाव, वय, वेळ, मजला, सगळं ऑफिसात भरून झालं होतं. राहिली होती ती एकच जागा. 'अपघाताचे मुख्य कारण.' त्यापुढे बोटभर लांबीची एक ओळ. अठरा वर्षांत त्यांनी ही ओळ कितीदा भरली होती याला गणती नाही, आणि बहुतेक वेळा दोनच शब्दांनी भरली होती: कामगाराचा निष्काळजीपणा. ओळीत तेवढंच मावायचं.

सकाळी साइट इंजिनिअरनं फोनवर हात ठेवून विचारलं होतं, "पट्टा लावला नव्हता ना त्यानं? मग झालं तर. जबाब घ्या, सही घ्या. उद्या दहाला कागद वर गेला पाहिजे."

त्या ओळीवर बरंच काही अडून होतं. चूक कामगाराची निघाली, तर कंपनीचा दवाखाना या खाटेपुरताच. दुसरं ऑपरेशन, नंतरची मालिश, स्टोअरमधलं बसून करायचं काम, सगळ्यावर पाणी. हे साहेबांना माहीत होतं, खाटेवरच्याला माहीत होतं आणि खिडकीपाशी उभी होती तिलाही माहीत होतं.

पण साहेबांना आणखी एक गोष्ट माहीत होती. परांची रोज सकाळी चढून तपासायची आणि मगच तिच्यावर हिरवं कार्ड लावायचं, असा नियम होता. बुधवारी ते चढले नव्हते. मालाच्या लिफ्टमधून फरश्या चालल्या होत्या, शिडीनं जायचं तर गुडघा ऐकत नव्हता. त्यांनी खालूनच तोंडाभोवती हात धरून हाक मारली, "वर सगळं ठीक?" वरून कुणीतरी "ठीक" म्हणालं. त्यांनी सही केली आणि कार्ड लावलं. सव्वादहाला माणूस खाली आला.

चार दिवस ते एक वाक्य मनात घोळवत होते. घरी बायकोनं विचारलंही, "तोंडात काही नाही आणि चघळताय काय सारखं?" आता ते वाक्य ओठांवर आलं. त्यांनी घसा साफ केला.

"साहेब, आधी माझं ऐका," खार म्हणाला. "त्या दिवशी खालून तुम्ही विचारलंत, सगळं ठीक का म्हणून. 'ठीक' म्हणालो तो मी."

साहेबांनी फॉर्मवरून मान वर केली.

"मी बघितलंच नव्हतं. कोपऱ्यातली एक फळी नाही, असं गवंडी सांगून गेला होता. म्हटलं, चहा पिऊन आलो की नवी फळी टाकू. नाही म्हणालो असतो तर तुम्हाला चढावं लागलं असतं, तुमचा गुडघा तो तसा. म्हणून ठीक म्हटलं. आणि मग मीच विसरलो. मागे पाय टाकला तर खाली काही नाही." तो छताकडे बघत बोलत होता. "तुमच्याशी खोटं बोललो. पट्टाही लावला नव्हता. तुम्ही रोज घसा फोडून सांगता. लिहा तसं. मी सही करतो."

आयतं ताट समोर आलं होतं. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं, पुन्हा काढलं. मग ते खिडकीकडे बघून म्हणाले, "ताई, मी त्या दिवशी चढलो नव्हतो. कार्ड खालूनच लावलं. चढलो असतो तर फळी दिसली असती."

तिनं कपडा झटकला आणि खिडकीच्या गजावर वाळत घातला.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुम्ही चढून उतरलात की तुमची पाठ घामानं भिजलेली असते. त्या दिवशी चहाला आलात तेव्हा शर्ट कोरडा होता."

खाटेवरून खार म्हणाला, "असं लिहू नका, साहेब. तुमची नोकरी जाईल. माझी तर गेलीच आहे, दोन कशाला घालवायच्या?"

"तुझी अजून गेलेली नाही. या ओळीवर आहे ती."

"मी खोटं बोललो नसतो तर तुम्ही चढला असता."

"चढायचंच होतं मला. तू काय बोललास त्याचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही?"

"अरे, पण सही माझी आहे त्या कार्डावर!"

"पुरे झालं," बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता. चार रात्री ती खाटेखाली चटई टाकून झोपत होती. "आधी तुम्ही, आधी तुम्ही करताय. दोष म्हणजे काय मानाची खुर्ची आहे? तुमचंही लिहा, यांचंही लिहा. आणि बाकीचं मी सांगते."

"ओळ एकच आहे, ताई."

"मग कागद उलटा करा. मागे कोराच असेल ना?"

साहेबांनी कागद उलटा केला. मागे कोराच होता. अठरा वर्षांत त्यांनी तो कधी उलटून पाहिला नव्हता.

ती खाटेच्या पायथ्याशी लोखंडी पट्टीवर टेकली. डोक्यावर फरश्या घेऊन ती इमारतभर फिरायची. ओझेवालीकडे कुणी बघत नाही, पण ओझेवाली सगळं बघत असते.

"फळी कुणी चोरली नाही. खाली चिखल होता, त्यातून ढकलगाडी जाईना, म्हणून गाडीला वाट करायला नेली. मंगळवारी संध्याकाळी. लिहिलंत?"

"लिहितोय."

"चिखल झाला कारण पाण्याच्या टाकीचा नळ महिनाभर गळतोय. नळ दुरुस्त करा म्हणून आम्ही बायकांनी दोनदा सांगितलं. तेही लिहा. लिफ्ट तुम्हाला मिळाली नाही, कारण शुक्रवारी वरची खोली गिऱ्हाइकांना दाखवायची होती, तिची फरशी संपवायची घाई होती. त्यातल्या अर्ध्या फरश्या मीच चढवल्या. लिहा."

"तुझं कशाला त्यात?" खार म्हणाला.

"चढवल्या म्हणून. हे सलग अकराव्या दिवशी कामावर होते. सुट्टी मागितली, तर ऑफिसातले म्हणाले स्लॅब झाल्यावर घे. आदल्या दिवशी जेवताना हातात घास घेऊन झोपले होते."

पेन चाललं होतं. अक्षर बारीक होत होतं.

"आता पट्टा. पट्टा कमरेला होता यांच्या, अडकवला नव्हता. अडकवणार कशाला? अडकवायची जी आडवी दोरी असते ना वर, ती सोमवारपासून नव्हतीच. हवेला बांधायचा का पट्टा?"

पेन थांबलं.

"सोमवारपासून?"

"सोमवारी मी बघितलं, नव्हती."

साहेबांनी खारकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते, म्हणजे खरं होतं. आणि सोमवारी, मंगळवारीही कार्ड त्यांनी खालूनच लावलं होतं. बुधवार तेवढा वाईट निघाला, असं त्यांनी चार दिवस धरून ठेवलं होतं.

"सोमवारीही मी चढलो नव्हतो, ताई."

"मग तेही लिहा." ती पुढे म्हणाली, "आणि तीन इमारतींना एक माणूस, तोही लंगडा. राग मानू नका."

"लंगडा असं लिहू?"

"खोटं आहे का?"

खारला हसू आलं. हसताना कमरेतून कळ गेली आणि त्यानं दात आवळले. बायकोनं उठून त्याच्या कपाळावर हात ठेवला. तेवढ्यात भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली आणि नर्स दारात येऊन उभी राहिली.

साहेबांनी घाईघाईनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. खारनं सही केली. मग बायकोनं पेन मागून घेतलं आणि नवऱ्याच्या सहीखाली आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर थांबून, छिन्नी धरावी तसं पेन धरून. पुढच्या बाजूच्या त्या बोटभर ओळीत साहेबांनी तीनच शब्द लिहिले: मागील बाजू पाहावी.

दुसऱ्या दिवशी दहाला ते इंजिनिअरच्या केबिनमध्ये उभे होते. इंजिनिअर चाळिशीचा, डोळे तांबारलेले, टेबलावर दोन फोन. त्यानं पुढची बाजू वाचली, कपाळाला आठ्या घातल्या, कागद उलटला.

"हे काय आहे?"

"कारण."

तो वाचत राहिला. बाहेर मिक्सर गरगरत होता. वाचून झाल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही."

"पाय तसाही कामाचा राहिला नाही."

इंजिनिअर हसला नाही. "हे वर गेलं तर तुम्ही इथं दिसणार नाही."

"ठाऊक आहे."

"एक साधा कागद मागितला होता मी. एक सही आणणं जमेना तुम्हाला?" त्यानं दोन्ही तळव्यांनी डोळे चोळले. "बसा तरी. उभं राहून गुडघा दाखवू नका मला."

साहेब बसले. इंजिनिअरचं बोट ओळींवरून खाली सरकत होतं. एका ओळीवर ते थांबलं.

"दोरी सोमवारी नाही काढली."

"बाई सोमवार म्हणाल्या."

"त्यांना सोमवारी दिसलं असेल. काढली शनिवारी. आभाळ भरून आलं होतं आणि सिमेंटवर ताडपत्री बांधायला दोरी नव्हती." त्याचं बोट त्या ओळीवरच होतं. "संध्याकाळी परत लावा म्हणणार होतो. मीच सांगितलं होतं काढायला."

एक फोन टेबलावर थरथरत पुढे सरकू लागला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. तो वाजून वाजून बंद पडला.

इंजिनिअरनं खिशातलं पेन काढलं. सोमवारवर रेघ मारली, वर शनिवार लिहिलं, पुढे 'माझ्या सांगण्यावरून' असं जोडलं, आणि कागदावर दुरुस्ती केली की करतात तशी बाजूला छोटी सही केली. हाताच्या सवयीनंच ती झाली असावी. झाल्यावर मात्र तो तिच्याकडे बराच वेळ बघत बसला.

"शिपायाला हाक मारा, कागद वर न्यायचाय," तो म्हणाला.

साहेब उठायला लागले. एवढ्या वेळात गुडघा आखडला होता, टेबलाला धरून उठावं लागलं.

"लवकर मारा," इंजिनिअर म्हणाला. कागदाची घडी त्याच्या हातातच होती. "माझा विचार बदलायच्या आत."