राणी आपल्या पायांनी उतरली नाही

अमेरिकेत डेलावेअर नदीकाठच्या एका छोट्या बोट म्युझियममध्ये 'एव्हलिन' नावाची जुनी वाफेची नौका आहे. सॉफ्टवेअरच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर शुभा दर शनिवारी वेस्ट विंडसरहून तिथे गाईड म्हणून जायची. बिनपगारी काम, पण ती त्यात जीव ओतायची.

नौका मूळची सावरगड नावाच्या चिमुकल्या संस्थानाची. तेव्हा तिचं नाव होतं 'जलवंती'. राणी गुणवंताबाईंनी ती हौसेनं बांधून घेतली होती. पुढे इंग्रज रेसिडेंटनं हुकूम काढला, नौका सरकारजमा करा. राणीनं बॉयलरची आग विझवायला लावली, खलाशांना घरी धाडलं आणि स्वतः डेकवर खुर्ची टाकून ठाण मांडलं. "मी आपल्या पायांनी उतरणार नाही," म्हणाली. शेवटी शिपायांनी तिला खुर्चीसकट उचलून धक्क्यावर ठेवलं. नौका लिलावात गेली, फिरत फिरत एका अमेरिकन कारखानदाराकडे आली आणि त्यानं तिला बायकोचं नाव दिलं.

यात गुपित काही नव्हतं. म्युझियममधला जुना फलक हेच सांगायचा. पण या वर्षी केलर नावाचा नवा डायरेक्टर आला. त्यानं फलक बदलला: 'भारतातल्या एका राणीची अमेरिकेला प्रेमाची भेट.' गाईडांनाही तसंच बोलायला सांगितलं.

शुभानं पहिल्याच टूरमध्ये खरी हकिगत सांगितली. केलरनं तिला ऑफिसात बोलावलं.

"सू, लोक इथे मजा करायला येतात. नौकेवर लग्नं लागतात. त्यांना कसली जप्ती ऐकवतेस?"

"पण भेट दिली हे धडधडीत खोटं आहे. तुम्हालाही ठाऊक आहे."

"स्टोरी जरा सोपी केलीय, इतकंच. जमत नसेल तर बॅज ठेवून जा, सू."

'सू' हे नाव नोकरीतल्या तिच्या पहिल्या मॅनेजरनं पाडलं होतं. शुभा म्हणायला त्याची जीभ वळेना, आणि शुभानंही इतकी वर्षं मुकाट्यानं त्या नावाला ओ दिली होती. आज मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं बॅज काढून टेबलावर ठेवला.

"शुभा. माझं नाव शुभा आहे," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा निघाली, तेव्हा गाडी चालवणाऱ्या लेकीचा, अनन्याचा, जीव खालीवर होत होता.

"आई, दे विल कॉल द कॉप्स!"

"करू देत. धक्का गावाचा आहे, म्युझियमचा नाही. मी टाऊनच्या ऑफिसात विचारून आलेय."

शुभा नौकेसमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात बोलू लागली. आधी कुणी थांबेना. एक बाई तर तिला चुकवून पलीकडून गेली. शुभानं आवाज खाली येऊ दिला नाही. मग एक म्हातारं जोडपं थांबलं, मागोमाग एक कुटुंब. राणी खुर्चीत बसली तिथवर गोष्ट आली, तेव्हा तिकिटाची रांग मोडून माणसं तिच्याभोवती जमली होती.

केलर तरातरा आला. "हे ताबडतोब बंद कर!"

"गोष्ट संपली की करते. तुम्हीही ऐका ना."

जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "मिस्टर, आम्हाला पुढचं ऐकायचंय." केलर लालबुंद झाला, काही तरी पुटपुटला आणि आत निघून गेला.

फलक काही बदलला नाही. शुभाही हटली नाही. उन्हाळाभर ती दर शनिवारी धक्क्यावर उभी राहिली, आणि अनन्या तिच्यासाठी थर्मासमधून चहा आणू लागली. आता नौकेवर चढणारी पोरंसोरंसुद्धा गाईडला आधी हेच विचारतात, "राणी कुठे बसली होती?" केलरचे गाईड जरा इकडेतिकडे बघतात आणि मग डेकवरची जागा दाखवतात.