रश्शातलं हाड

वन्सं येणार म्हटलं की आमच्या घरात आधी डबे लपतात.

मी डबाबंद मांसाच्या कारखान्यात झाकणं बसवायच्या यंत्रावर आहे. लेबल तिरकं लागलेले डबे कामगारांना स्वस्तात मिळतात. सासूबाईंना तेच लागतात. दाढा गेल्यापासून ताजं मटण चावत नाही, डब्यातलं नुसत्या जिभेनं दाबलं तरी विरतं. पण लेकीसमोर कबूल करतील तर शपथ! लेक खाटकाच्या घरी दिलेली.

मग त्यांनीच शक्कल काढली. शेजारणीकरवी जावयाच्या दुकानातून नळीचं एक हाड आणवायचं आणि डब्याच्या रश्शात सोडायचं. हाड दिसलं की मटण ताजं.

मागच्या खेपेला वन्संना आमच्या केराच्या बादलीत रिकामा डबा सापडला. आज त्या जावयांना घेऊन, ठरवूनच आल्या होत्या.

"आईला मी घेऊन जातेय," पहिल्या घासाआधीच म्हणाल्या. "तिकडे निदान ताजं तरी मिळेल. वहिनी, तुम्ही तिला मांजराचं खाणं घालता."

"मांजराचं?"

"नाहीतर काय! कधी कापलेलं, कुणी भरलेलं, देव जाणे."

"भरलेलं माहीत नाही, पण झाकण मी लावलेलं."

सासूबाई ताटात बघत होत्या. आमचे हे मीठदाणीत काहीतरी शोधत होते. हरवलेला कणाच असावा.

"आजचं मात्र ताजं हं," जावई बोटं चाटत म्हणाले. "हाडावरचा तिरका काप बघा, आपल्याच करवतीचा. मटण असावं तर असं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठले, पिंपामागचे दोन रिकामे डबे काढले आणि ताटांच्या मधोमध आदळले.

"हाड तुमचं. मटण ह्यातलं."

"आई, बघ! फसवतेय तुला!" वन्सं किंचाळल्या.

"बोला ना आता," मी सासूबाईंना म्हटलं. "दिवसभर कारखान्यात झाकणं मीच लावायची आणि घरी येऊन तुमचे चोचलेही मीच झाकायचे? जायचंय तर जा. पण खरं सांगून जा."

मग सासूबाईंनी ताटातलं हाड उचललं आणि जावयाच्या ताटात ठेवलं.

"जावईबापू, हे तुमचं तुम्ही न्या. अगं पोरी, तुझ्याकडे येऊन मी काय खाऊ? दात आहेत का मला?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"खाटकाची सासू डब्यातलं खाते म्हटल्यावर तुझीच मान खाली गेली असती ना."

"आणि माझी?" मी विचारलं.

वन्सं ताटावरून उठल्या. जावई थोडं रेंगाळले, पातेल्याकडे बघून घेतलं आणि मागोमाग गेले.

सासूबाईंनी ताट पुढे केलं. "वाढ ना."

वाढलं. मऊ तुकडे बघूनच वाढले. पण पळी आपटून.