डावा खिसा

दादाची गाडी मी सुधारायला घेतली, ती त्याला वेळेवर पोचवता यावं म्हणून. हे आधीच सांगून टाकतो. हेतू उत्तम होता. त्या हेतूला आता काय जाळायचंय!

दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. तीन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दवाखान्याच्या यादीत नाव. किडनी मिळाली की फोन येणार. फोननंतर दोन तासांत हजर व्हायचं, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला. आमचं घर वस्तीपासून लांब, दवाखाना सव्वा तासावर. गाडी जुनी, कार्बुरेटरची. सकाळच्या गारठ्यात तिच्या दहा वेळा मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. म्हणून मी तिला फ्युएल इंजेक्शनचं किट बसवायचं ठरवलं. किल्ली फिरवली की पहिल्या फटक्यात सुरू.

गाड्यांचं वायरिंग मला दादानंच शिकवलं, वस्तीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये. त्याचा एक नियम होता. पेट्रोलचा पंप चालू-बंद करतो तो रिले, म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान असा काळा ठोकळा. पंप तपासायचा असेल तर आम्ही रिले काढतो आणि त्याच्या जागी वायरचा तुकडा खोचतो, म्हणजे किल्ली बंद असली तरी पंप सारखा चालू राहतो आणि पाइप कुठे गळतो ते दिसतं. तर काढलेला रिले शर्टाच्या डाव्या खिशात टाकायचा, आणि खिसा चाचपल्याशिवाय बोनेट पाडायचं नाही. शिकत असताना मी दोनदा विसरलो होतो, दोन्ही वेळा कानाखाली खाल्ली होती.

त्या दिवशी दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. हातपाय सुजलेले, पण जीभ शाबूत.

"फ्यूज पंधराचा घाल. तीसचा घालून शहाणपणा करू नकोस."

"तू डायलिसिसवाल्यांनाही असंच शिकवतोस का रे?"

"त्यांचं वायरिंग तुझ्यापेक्षा नीट असतं."

तो थकून आत जाऊन पडला. मी वायरचा तुकडा खोचला, रिले डाव्या खिशात टाकला. पंप सुरू झाला आणि एका जोडातून पेट्रोलची चिळकांडी थेट माझ्या छातीवर. वहिनी धावत आली. "काढा तो शर्ट आधी! घरात वास नको, त्यांना मळमळतं." मी शर्ट काढून तिच्या हातात दिला, जोड आवळला, उघड्या अंगानं गाडी सुरू केली. पहिल्या फटक्यात! रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. इतका खूश होतो की बोनेट पाडताना हात सवयीनं छातीवर गेला, तिथे खिसाच नव्हता, आणि मी स्वतःशीच हसलो. हसलो मी.

संध्याकाळी जेवताना वहिनी म्हणाली, "भावोजी, बंद गाडी गुणगुणल्यासारखी वाटतेय."

ग्राइंडरनं माझे कान कधीच खाल्लेत, बारीक आवाज मला येत नाही. उठून बघायला काय झालं होतं? पण मी म्हणालो, "नवीन सिस्टिम आहे वहिनी. आता ती गाणी म्हणणार." ती हसली. मी आणखी एक पोळी मागून घेतली.

सकाळी सहाला फोन आला. किडनी मिळाली होती.

दादानं स्वतः चपला घातल्या. वहिनीनं फाइल घेतली. मी किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. साधी टिकसुद्धा नाही. बोनेट उघडलं तर रिलेच्या जागी माझा वायरचा तुकडा. रात्रभर पंप चालला होता आणि बॅटरी पार संपली होती.

दादा म्हणाला, "उतारावर ढकलू." कार्बुरेटर असता तर तशीही सुरू झाली असती. इंजेक्शनचा कंट्रोलर मेलेल्या बॅटरीवर जागाच होत नाही. हे त्याला कसं सांगावं ते मला कळेना, म्हणून मी नुसता ओरडलो, "नाही होणार!" टॅक्सीवाला तासाभरात येतो म्हणाला. मी सायकल काढली, वर्कशॉपमधली बॅटरी कॅरिअरला बांधून आणली. हे सगळं होईपर्यंत तास गेला.

मग गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

वाटेत दादानं एवढंच विचारलं, "काय झालं होतं?"

"बॅटरी जुनी होती," मी म्हणालो.

आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो. दवाखान्यानं दहा मिनिटं वाट पाहिली होती. नर्स चांगली होती, तिनं आमच्याकडे बघून बोलायचं टाळलं नाही. दुसरा माणूस आत गेला होता. दारात त्याची बायको उभी होती, तिला आम्ही कोण ते ठाऊक नव्हतं. ती वहिनीकडे बघून हसली.

दुपारी घरी आलो. शर्ट दोरीवर वाळला होता. वहिनीनं तो आणून दिला, मी अंगात घातला, तोवर ती खिडकीत ठेवलेलं काहीतरी घेऊन आली.

"हे तुमच्या खिशात होतं, भावोजी. धुताना सापडलं. म्हटलं, उद्या देईन. महत्त्वाचं नव्हतं ना?"

तिच्या तळहातावर रिले होता. दादा खुर्चीत बसला होता, त्यानं तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यानं एक थोबाडीत मारली असती तर मी त्याचे पाय धरले असते. त्याला सगळं कळलं होतं, वायरच्या तुकड्यापासून रात्रभराच्या गुणगुणण्यापर्यंत.

"नाही गं," तो वहिनीला म्हणाला. "जुना आहे तो, बिनकामाचा."

तो हातांवर जोर देऊन उठला. सावकाश माझ्यापर्यंत आला, तिच्या हातातून रिले घेतला आणि माझ्या डाव्या खिशात टाकला. सुजलेल्या बोटांनी खिसा वरून चाचपला.

"उद्या डायलिसिस आहे," तो म्हणाला. "सातला निघायचंय. गाडी तयार ठेव."