दोन मायलोंची भीड

मायलो टॉर्केलसनचं मन मंगळवारी दुपारी, जेवणाच्या जरा आधी, मेंदूतून यंत्रात गेलं. प्रयोग यशस्वी झाला. असो. विशेष काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण मिनेसोटातल्या डुलुथ गावच्या त्या प्रयोगशाळेत मायलोची बायको आर्डिसही तसंच धरून बसली होती. तिने घरून लिंबाच्या वड्या आणल्या होत्या आणि ती त्या वाटत होती.

मायलोचा मेंदू हल्ली विसरत चालला होता. पकडलेला मासा आठवायचा, तळं आठवायचं नाही. डोकं पार रिकामं व्हायच्या आत मन काढून ठेवू, असं डॉक्टर किंताना म्हणाली होती. ती कॅलिफोर्नियाची. हुशार होती, पण बशीतली शेवटची वडी सरळ उचलून खाणारी. मिनेसोटात शेवटच्या वडीचे अर्धे करतात, मग पाव करतात, मग उरलेल्या कणाकडे सगळे प्रेमाने बघत बसतात.

यंत्र म्हणजे कपाटाएवढं खोकं.

"मिस्टर टॉर्केलसन, आत पोचलात?" किंतानाने विचारलं.

"पोचलो बुवा. तुम्हाला फार त्रास नाही ना झाला?" खोकं म्हणालं.

"तुम्हाला चालू ठेवू?"

"छे छे, नको. उगाच वीज कशाला जाळता?"

किंतानाचा चेहरा पडला. "नकार दिला त्यांनी," ती म्हणाली आणि बटणाकडे वळली.

"अगं ए पोरी, हात मागे घे!" आर्डिस ओरडली. आपण ओरडू शकतो हे तिलाही आजच कळलं. "आमच्याकडे तीनदा विचारतात."

किंतानाने पुन्हा विचारलं. खोकं म्हणालं, "खरंच नको, मी काय, कुठेही पडून राहीन." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालं, "बरं, चालूच असेल तर बसतो घटकाभर."

आर्डिसने डोळे टिपले. हा मायलोच, याचा दुसरा पुरावा तिला नको होता.

पण बिछान्यावरचा मायलोही आता टक्क जागा झाला होता; मन खोक्यात गेलं, तसं त्याच्या डोक्यातही उरलं होतं. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा कचेरीने, परवानगी देताना अट घातली होती: एका नावाचं एकच मन. दोघांपैकी एकाने 'मी मायलो' म्हणायचं, दुसऱ्याला कायमचं झोपवायचं.

आर्डिसने दोघांकडे पाहिलं. तळं आठवणारा खोक्यात होता. उबदार हातांचा बिछान्यावर. आपला कोणता?

"मी चिडले की तू काय करतोस रे?" तिने विचारलं.

"बर्फ उपसायला बाहेर जातो," दोघं एकदम म्हणाले.

"उन्हाळ्यातसुद्धा," ती किंतानाला म्हणाली.

मग बिछान्यावरचा खाकरला. "तूच हो मायलो. तुझं डोकं ताजं आहे."

"असं कसं? तू आधीपासूनचा. मी आत्ता आलोय."

"अरे, पण तुझी गैरसोय होईल."

"माझी कसली गैरसोय? मला पायसुद्धा नाहीत."

तिसऱ्यांदाही तसंच झालं. "झालं की तीनदा!" किंताना वैतागली. "आता कोणीतरी हो म्हणा ना!"

"तीनदा पाहुण्याला विचारतात," आर्डिस म्हणाली. "इथे दोघंही घरचेच. घरच्यांना मर्यादा नसते."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हे दोघं एकमेकांना पुढे करत आहेत तोवर कोणीच जात नाही. तिने कॉफी ओतली, एक कप खोक्यापुढेही ठेवला. आग्रह जरा थंडावला की ती म्हणायची, "मायलो, बरं दिसतं का हे? विचार की त्याला पुन्हा."

गावाबाहेरचं तळं गोठलं, वितळलं. आग्रह चालूच होता. शेवटी किंतानाने काउंटीला लिहिलं:

"उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, श्री. मायलो टॉर्केलसन, बिछाना, व श्री. मायलो टॉर्केलसन, खोकं, यांपैकी कोणाही एकास, फक्त एकदा, उद्धटपणे वागण्याचा लेखी आदेश आपल्या सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा."