राहणारे कोणी नाही

दारावरचा घरनंबराचा बिल्ला पत्र्याचा, तळहाताएवढा, आणि आकडा चार वेळा दिलेल्या ऑईलपेंटखाली गाडलेला. डेल्फिनने सुरीच्या टोकाने डावी कड खरवडली तेव्हा आधी हिरवा निघाला, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा हिरवा... निळा स्टॅनीच्या लग्नातला. तेव्हा पुढच्या घराला लावून उरलेला डबा मागच्या घराला लागला होता. मागच्या घराला नेहमी उरलेलंच लागायचं. अखेर आकडा दिसला. दोनशे अकरा, रेघ, दोन. दोनशे अकरा म्हणजे पुढचं घर, तिचा धाकटा भाऊ स्टॅनी, त्याची बायको फ्लॉसी आणि त्यांचा मुलगा-सून राहत होते ते. आणि रेघेपुढचा दोन म्हणजे या मागच्या दोन खोल्या, विहिरीकडच्या, जिथे आधी तिची आय राहायची आणि आयच्या मागे सहा वर्षं ती. मी राहते, असं ती पुटपुटली, आणि सुरी पदराला पुसून तिने आकडा मोबाईलमध्ये घातला.

मोबाईलवर घरपट्टीचं पान उघडलं. मालकाच्या रकान्यात वडिलांचं नाव होतं, ते गेल्याला वीस वर्षं झाली तरी. त्याखाली भोगवटादार, आणि पुढे नुसती आडवी रेघ. संगणकात भरणाऱ्याने आळस केला असणार. एकोणसाठ वर्षांच्या डेल्फिन टीचरला आळशी माणसांचं नवल वाटत नसे. पस्तीस वर्षं तिने त्यांचेच कान पिरगाळले होते.

गेल्या रविवारी चर्चमधल्या मिस्सावरून आल्यावर स्टॅनीने विषय काढला होता. मागचं घर पाडायचं, तिथे दोन मजली भाड्याच्या खोल्या. "आणि मी?" असं तिने विचारलं तेव्हा तो खुर्चीचा हात नखाने कोरत बसला. "तू पुढे ये की. हॉलमध्ये दिवाण आहेच." फ्लॉसी स्वयंपाकघरातून हात पुसत आली नि गोड आवाजात म्हणाली, "बाय, तुमचं कागदावर काही असेल तर दाखवा ना. आमचं काही म्हणणं नाही."

कागदावर... कागद म्हटलं की अख्खी आळी डेल्फिनकडे यायची! रेशनकार्डातलं नाव असो, बावखलाचं तळं बुजवल्याची तक्रार असो, अर्ज लिहायचा तर डेल्फिन टीचरनेच. 'महोदय' असा लिहायची की साहेबसुद्धा खुर्चीत सावरून बसावा. आणि आता तिच्याच अंगावर कागद नव्हता. रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, सगळं पुढच्या घराच्या नंबरावर. वीजही पुढूनच वायर ओढून घेतलेली. मागच्या घराची दखल घेणारी जगात एकच जागा होती, घरपट्टीचं रजिस्टर. तिथे राहणाऱ्याचं नाव असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आयचं नाव असेल, तिच्यापुढे आपलं लावून घ्यायचं, की फ्लॉसीचा गोड आवाज आपोआप बसेल.

तिने कपाटातून चांगल्या सँडल काढल्या. मऊ, तपकिरी, टाचेखाली गादी असलेल्या. निवृत्तीनंतरच्या पहिल्या शिक्षक दिनाला फ्लॉसीने तिला एव्हरशाईन सिटीतल्या दुकानात नेऊन घेऊन दिल्या होत्या. "शाळा सुटली म्हणून टीचरपण सुटतंय का?" असं म्हणाली होती, आईस्क्रीमही खिलवलं होतं, वर सातिवलीच्या गोडाऊनमध्ये गाद्या बघायला नेलं होतं, उगाच, संध्याकाळपर्यंत. इतक्या वर्षांत फ्लॉसी तिच्याशी तशी ना आधी वागली होती, ना नंतर. त्या एका दिवसावर डेल्फिनने अख्खं वर्ष काढलं होतं... कितीही राग आला तरी तो दिवस आठवायचा, आणि राग जिरायचा.

घरपट्टीच्या ऑफिसात खिडकीमागचा माणूस तिला बघून उठून उभा राहिला. हरेश्वर. सहावी ब. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एकदा तिने त्याला अक्षरापायी दोन तास वर्गाबाहेर उभा केला होता, आणि तो रडत रडत म्हणाला होता की टीचर, बाथरूमला जाऊ द्या, आणि तिने जाऊ दिलं नव्हतं... तिला ते आठवलं. त्यालाही आठवत असावं, पण त्याने खुर्ची पुसून दिली.

"टीचर, बसा. तुम्ही कशाला आलात, फोन करायचा ना."

"माझं नाव लावायचं आहे. मागच्या घराला. मी राहते तिथे."

त्याने जाडजूड रजिस्टर काढलं आणि बोट ठेवत ठेवत दाखवलं. "हे बघा. पहिला मालक. हा बदलायचा तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, तो वेगळा विषय. दुसरा भोगवटादार, म्हणजे प्रत्यक्ष कोण राहतं ते. आणि हा शेवटचा शेरा. आमचा माणूस जाऊन डोळ्यांनी बघतो ते."

शेऱ्याचा रकाना भरलेला होता. कुलूपबंद, राहणारे कोणी नाही. त्याखाली पुढचं वर्ष, कुलूपबंद, राहणारे कोणी नाही. त्याखाली पुन्हा. चौदा ओळी. शाईचे रंग वेगळे, अक्षरं वेगळी, वाक्य तेच.

"बंद घराला घरपट्टीत सूट असते ना, म्हणून," हरेश्वर म्हणाला. "दर वर्षी अर्ज करावा लागतो. अर्ज आहेत." त्याने फाईल पुढे सरकवली आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "अक्षर तुमचंच ना, टीचर?"

तिचंच होतं. ठाशीव, उजवीकडे किंचित कललेलं, 'ळ'ला छोटी गाठ. आय गेल्यापासून या अर्जांची आठवण तिने मनाच्या तळाशी दडपून टाकली होती. सदर घर कुलूपबंद असून तेथे कोणीही वास्तव्यास नाही, सबब...

सबब. तो शब्द लिहिताना तिला झालेला आनंद तिला लख्ख आठवला, आणि लाज वाटली नाही, आधी आनंदच आठवला. शाळेत कोणीतरी म्हणालं होतं की बंद खोल्यांची घरपट्टी कमी होते. घरी येऊन तिने स्टॅनीला सांगितलं, मागच्या घराचा अर्ज करूया. तो म्हणाला, आय राहते ना तिथे. त्यावर ती हसली होती. "आय कुठे रजिस्टर वाचायला जाणार आहे?" वाचले ते पैसे तरी किती, महिन्याच्या मासळीचे. पण अक्कल तिची होती, आणि ती भावाला दाखवायची होती.

म्हणजे स्टॅनी नाही. मी.

तपासणीच्या दिवशी बाहेरून कुलूप ती स्वतः घालायची. आयला खिडकीपासून लांब, पाटावर, भिंतीला टेकवून बसवायची. आयला खोकला होता, म्हणून तोंडात खडीसाखर द्यायची. "चावू नकोस, चघळ. आवाज येतो." लाल लुगड्यातली म्हातारी मान हलवायची. हातातली रोझरीही मुठीत आवळून धरायची, मणी वाजू नयेत म्हणून. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच शोधलं. माणूस यायचा, कुलूप बघायचा, लिहायचा, पुढच्या घरात सरबत पिऊन जायचा. मग डेल्फिन कुलूप काढायची आणि आय अंधारात डोळे मिचकावत विचारायची, "गेला का गो तो मानूस?" दर वर्षी. पाचव्या-सहाव्या वर्षी तर तीच विचारायला लागली, "औंदा कुलूप कदी लावतंस?" आणि सगळे हसले होते... आयसुद्धा हसली होती. किती शहाणी आहे आपली आय, असं डेल्फिनने शाळेत सांगितलं होतं.

आणि ते एक वर्ष. माणूस सकाळी येणार म्हणून सातला कुलूप घातलं आणि ती शाळेत गेली; किल्ली पर्समध्ये. माणूस अकराला येऊन गेला. स्टॅनी कामावर, फ्लॉसी माहेरी. किल्लीची आठवण तिला तिसऱ्या तासाला झाली होती. झाली होती. वर्गात परीक्षेची उजळणी चालू होती, आणि तिला वाटलं, बसली असेल, बसू दे, चार वाजता जाऊच. चारला दार उघडलं तेव्हा खोलीत वास होता, आणि आय पाटाजवळची फरशी लुगड्याच्या पदराने पुसत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. डेल्फिन म्हणाली, "जरा धीर धरता आला नाही?" आयने पदर पिळला. माणूस गेला का, हे त्या दिवशी तिने विचारलं नाही.

"टीचर, पाणी?" हरेश्वरने विचारलं.

तिने मान हलवली आणि फाईल उलटली. आठ अर्ज शाईचे. नववा मात्र झेरॉक्स. तिचाच अर्ज, तिचंच अक्षर, तारखेवर पांढरं फासून वर बॉलपेनने नवी तारीख, खाली स्टॅनीची सही. आय गेल्याच्या पुढच्या वर्षीचा. म्हणजे भाच्याच्या लग्नात तिने पुढची खोली सोडली आणि ती मागे राहायला आली, त्या वर्षीचा. मग दहावा, अकरावा, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षर पुसट होत गेलेलं. सदर घरात कोणीही वास्तव्यास नाही. माझ्याच अक्षरात मी नाही. दिवसभर ती शाळेत असायची, कुलूप असायचंच. त्यांना काही करावंच लागलं नाही.

पण निवृत्तीनंतर? निवृत्तीनंतर ती दिवसभर घरीच असते. मग शेरा कसा पडला? तिने बोट रजिस्टरच्या शेवटच्या ओळीवर आणलं आणि तपासणीची तारीख वाचली. पाच सप्टेंबर.

शिक्षक दिन.

तिने टेबलाखाली पाय मागे घेतले. सँडल मऊ होत्या, टाचेखाली गादी होती. आईस्क्रीम सीताफळाचं होतं. "आणखी एक घ्या ना बाय," फ्लॉसी म्हणाली होती, आणि मोबाईल बघून, "बसू अजून, घाई काय आहे?" निदान खडीसाखर तरी नव्हती दिली, असं तिच्या मनात आलं, आणि तिला हसू फुटलं, मोठ्याने, ऑफिसात. रांगेतली माणसं बघायला लागली. तिला फ्लॉसीचा संताप यायला हवा होता. आला तो जुनाच, स्वतःचा, वास येणारा.

हरेश्वरने एक कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. "दुरुस्ती होते टीचर. तुम्ही लिहून द्यायचं, मी राहते, आधी आई राहायची, आधीचे अर्ज चुकीचे होते. मग चौकशी लागते. आमचा माणूस येईल, तुम्हाला विचारील, शेजाऱ्यांना विचारील." त्याने फाईलवर हात ठेवला. "अर्ज चुकीचे कसे गेले, तेही लिहावं लागेल. अक्षर तर तुमचंच आहे." त्याच्या बोलण्यात कुठेही टोमणा नव्हता. तिने शोधला, सापडला नाही. त्याने पेन दिलं, तिने टोपण काढलं. महोदय, लिहिलं. सुरेख आलं. पुढे काय लिहायचं ते ठाऊक होतं, एकच वाक्य होतं, सदर घरात माझी आई राहत होती. त्या वाक्यावर खोल्या मिळतील किंवा निदान भांडता येईल... त्या वाक्यावर आळीभर होईल की टीचरने आयला कुलपात ठेवलं. पेन तिथेच राहिलं. रांगेतला कोणीतरी खाकरला. तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, आणि हरेश्वरला म्हणाली, "घरून लिहून आणते."

"आणा," तो म्हणाला. "बाथरूम उजव्या हाताला आहे, टीचर. लागली तर."

घरी येऊन तिने सँडल काढल्या आणि दाराआड ठेवल्या, बाहेर नाही. का, ते तिला कळलं नाही. दुपारचे तीन. टेबलावर कागद उघडून बसायचं होतं, पण टेबल खिडकीजवळ होतं, आणि ती पाटावर बसली, भिंतीला टेकून, तिथे भिंतीचा रंग एका डोक्याएवढा तेलकट झालेला होता आणि तिचं डोकं नेमकं तिथेच टेकलं. समोर बंद दार, दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी. इथून हे एवढंच दिसतं. आठ वर्षं तिने बाहेरून कुलूप बघितलं होतं. आतून किती दिसतं, हे तिने कधी बसून बघितलं नव्हतं.

अंगणात पावलं वाजली. ओळखीची, स्टॅनीची, आणि त्याच्यामागे दुसरी कोणाची तरी, बुटांची.

"हे मागचं," स्टॅनी सांगत होता. "हे सगळं जाईल. विहीर राहील." मग दारावर बोटाने दोनदा टकटक. "डेल्फिन? आहेस का गं आत?"

आहे म्हणायचं होतं. त्यासाठीच तर ती सकाळपासून वणवण करत होती, कोणीतरी विचारावं आणि आपण म्हणावं, आहे. शब्द घशापर्यंत आला, आणि त्याच्याबरोबर खोकला आला, कोरडा, आयसारखा. तिने तोंडावर हात दाबून धरला. दुसऱ्या हाताने गळ्यातला क्रूस मुठीत आवळला, साखळी वाजू नये म्हणून.

"नाहीये कोणी," बाहेर स्टॅनी म्हणाला. "या, मापं घेऊ."

टेपची पट्टी खरखरत उलगडली. पाठीमागच्या भिंतीपलीकडून, अगदी तिच्या डोक्याजवळून, कोणीतरी आकडा मोठ्याने सांगितला. मग पावलं विहिरीकडे गेली, मग कुठेच ऐकू येईनात. ते गेले असतील. किंवा उभे असतील. आतून ते समजत नव्हतं. खोकला आत गिळत, हात तोंडावरून न काढता ती तशीच बसून राहिली, कोणीतरी दार उघडून सांगेल, गेला तो माणूस, म्हणून.