सायकलवाल्याचं सोपं गाणं

सतरा जानेवारी एकोणीसशे सत्त्याण्णव, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. किकवीच्या पुढं हायवेला लागून एक कंपनी आहे. तिच्या कॅन्टीनमध्ये माझं खोकं फोडलं, आणि तिथून माझं आयुष्य सुरू झालं. त्याआधीचं म्हणाल तर जपानातल्या कारखान्यात माझे स्क्रू आवळले आणि सुट्या भागांबरोबर बोटीनं इकडं धाडलं, एवढंच.

मी गाण्याचं मशीन बोलतोय. कराओके म्हणतात मला. माझ्या पोटात नुसतं संगीत असतं, गाणारा नसतो. टीव्हीवर चित्रं आणि शब्द येतात, माणसानं माईक धरून त्यावर गायचं. गाणं संपलं की मी शंभरातले मार्क देतो. मला तेवढंच बोलता येतं. आकड्यापलीकडं माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि त्यापायीच मी आजवर चडफडत आलोय.

मला आणलं ते हिराईसाहेबांनी. कंपनीचे मोठे जपानी साहेब तेच. त्यांनी पद्धत पाडली की वाढदिवसाला, म्हणजे कंपनीच्या, प्रत्येक खात्यातल्या एकानं साहेबांच्या देशाचं एक गाणं म्हणायचं. जो म्हणेल तो साहेबांच्या टेबलावर जेवणार. गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळायचं एक खातं होतं, तिथं सगळ्या बायाच. त्यातली खुर्शिदा आपण होऊन पुढं आली. सगळ्यांना नवल वाटलं, कारण ती कुणाशी मान वर करून बोलत नसे.

खुर्शिदा भोरची. नवरा फिरोज टेम्पोवर, आठवडाभर बाहेर. दोन वर्षांची सदफ सासूजवळ ठेवून ही कामाला यायची. जनरल पाळी साडेपाचला सुटते. मग कापूरहोळ फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघायची, ती भरून आली की पुढचीची. घरी पोचेपर्यंत पोर झोपलेली. दिवसभर आजीजवळ राहून सदफ आजीलाच अम्मी म्हणायला लागली. आणि सासू जशी हाक मारायची तशी आईला ‘खुर्शी’ म्हणायला लागली. घरात सगळे हसले. हिनं मात्र पाळी बदलून घ्यायचं मनावर घेतलं.

सकाळची पाळी साडेतीनला सुटते. ती मिळाली तर पोर जागी असताना घर गाठता येईल. हिनं सुपरवायझर हनुमंतरावांना कितीदा विचारलं. त्यांचं एकच, “सकाळच्याला जागा न्हाई.” आता साहेबांच्याच कानावर घालायचं तर त्यांच्या टेबलापर्यंत पोचायला पाहिजे, आणि तिथवरची वाट माझ्यावरून जात होती.

जेवणाच्या सुट्टीत बाया माझ्याभोवती जमायच्या. जपानी अक्षर कुणालाच येत नव्हतं. ऑफिसातल्या दुभाषीबाई एकदा म्हणून दाखवायच्या, बाकी कानानं धरायचं. मग गाणं निवडायचं कशावरून? तर टीव्हीतल्या चित्रावरून. समुद्र, लाल छत्री, रडणारी देखणी बाई असलं चित्र दिसलं की सगळ्या म्हणायच्या, हेच घे. वर ते गाणं संथ. संथ म्हणजे सोपं, अंगाईसारखं, असा सगळ्यांचा हिशेब.

अहो, संथ गाणंच सगळ्यात अवघड असतं! एकेक सूर इतका लांब की मधे श्वास घ्यायला जागा नाही. खुर्शिदा दुसऱ्याच ओळीत धापा टाकायला लागली. मी नाइलाजानं एकतीस मार्क दिले. कॅन्टीनच्या अंबूबाई चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, म्हैस बी पाण्यात एवढा दम धरीत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी चमचमत्या कपड्यांतल्या पोरांचं गाणं काढलं. त्यातले शब्द फाटक्या पिशवीतून वाटाणे सांडावेत तसे भराभर. हिच्या तोंडात चार आले, बाकीचे गेले कुठं कळलंच नाही. तेव्हा सत्तावीस.

आणि सोपं गाणं माझ्याच पोटात पडून होतं! कामावरून सायकलीनं घरी निघालेल्या एका माणसाचं. सूर कुठं चढत नाही, दोन ओळी झाल्या की तीच ओळ पुन्हा येते, श्वासाला जागाच जागा. पण चित्रात एक टकलू माणूस, सायकल आणि रस्ता. बाया म्हणायच्या, ह्यात काय बघायचं, पुढं ढकल. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण गायल्याशिवाय मला आकडाही दाखवता येत नाही.

शेवटी अंबूबाई मला पुसत असताना फडक्यानं बटण दाबलं गेलं आणि ते गाणं लागलं. खुर्शिदा डबा बंद करत होती. तिचे हात आपोआप हलायला लागले. वायरींना टेप गुंडाळताना दोन वेढे, एक दाब, असा त्यांचा हात चालतो. गाण्याचा ठेका तोच होता. मग तिनं ते कामावरच पाठ केलं, हात चालवत, ओठातल्या ओठात. आठवड्यात सगळ्या रांगेला पाठ झालं.

वाढदिवसाच्या दिवशी तिनं माईक दोन्ही हातांनी धरला. पाय जमिनीवर दोन वेढे, एक दाब मोजत होता. मी अठ्ठ्याऐंशी दिले. हिराईसाहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

जेवताना तिनं दुभाषीबाईंच्या मार्फत सगळं सांगितलं. पाळी, एसटी, सदफ, अगदी ती ‘खुर्शी’ म्हणते तेसुद्धा. तिच्या एकेका वाक्याला साहेब मान डोलवत होते. खुर्शिदाचा चेहरा उजळला. घरी गेल्या गेल्या तिनं सासूला सांगून टाकलं, पाळी मिळाली, आता पोरीला मीच भरवीन.

मला तेव्हाच धोका दिसला होता. साहेबांच्या मुलखात समोरचा बोलत असला की मान डोलवतात. ‘ऐकतोय, बोला’ एवढाच त्याचा अर्थ. ‘देतो’ असा नव्हे. मी तिकडचा, मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं?

सोमवारी हनुमंतरावांनी तिला बोलावलं. “साहेब लई खूश हायेत तुमच्यावर. आता कुणी पाव्हणा आला की तुमीच गायचं. पाव्हणे येत्यात संध्याकाळी, म्हणून तुमाला जनरललाच कायम ठेवलंय.”

“आन् पाळीचं?” तिनं विचारलं.

“जनरल म्हंजे पाळीच की ओ.”

झालं. पोरीसाठी गायला निघालेली बाई गाण्यापायी आणखी उशिरा घरी जायला लागली. पाहुणे यायचे, चहा घ्यायचे, पोटभर गप्पा मारायचे, आणि मग आठवण व्हायची, अरे, ती सायकलवाली कुठंय? खुर्शिदा दाराजवळ पर्स काखेत धरून उभी असायची. त्या घरी जाणाऱ्या माणसाचं गाणं ती म्हणायची तेव्हा तिचे डोळे घड्याळावर असायचे. मी ऐंशीच्या वर मार्क देत राहायचो. माझ्या हातात कमी देणं नव्हतं, ती सुरातच गायची. प्रत्येक आकड्यासरशी मी तिला तिथंच खिळवत होतो. सासूनं एकदा म्हटलं म्हणे, “तू पोरीची की पाहुण्यांची?”

दोन हजार साल उजाडलं तरी हेच चालू. मग एका संध्याकाळी पाहुणे बसले असताना तिनं नेहमीचं गाणं लावलं नाही. बटण दाबत दाबत पार शेवटाला गेली आणि कधी कुणी लावलंच नव्हतं असं एक गाणं काढलं. ते गाणं म्हणजे नुसतं किंचाळणं. मी चमकलो. तिनं माईक घट्ट धरला, डोळे मिटले आणि बेसूर, बेताल, जीव तोडून ओरडली. पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मी अकरा मार्क दिले. असा आनंद मला आकडा देताना कधी झाला नव्हता.

हनुमंतराव म्हणाले, गळा गेला बाईचा, आता संध्याकाळी ठेवून काय उपयोग. पुढच्या सोमवारपासून ती सकाळच्या पाळीला, तिथं एकाएकी जागाही निघाली. सदफ आता शाळेत जाते. ती खुर्शिदाला ‘मम्मी’ म्हणते. ‘अम्मी’ आजीकडंच राहिलं.

पण पाहुणे यायचे थोडेच थांबलेत? आता खात्यात नूतन नावाची नवी पोरगी आलीय, उत्रोलीची. घरी सहा महिन्यांचं लेकरू. हनुमंतरावांनी तिला गायला सांगितलंय, साहेबांच्या टेबलावर बसशील म्हणालेत. ती रोज सुट्टीत माझ्यापाशी येऊन सोपं गाणं शोधते. आणि सायकलवाल्याचं गाणं तिला शिकवतंय कोण? खुर्शिदा. शेजारी बसून हात धरून शिकवते, दोन वेढे, एक दाब. पुढं काय होतं ते सांगत नाही. नूतननं नाही म्हटलं तर पुन्हा आपल्यालाच बोलावतील, ही धास्ती तिला सोडत नाही. मला तिचा राग येत नाही. पण नूतनकडं बघवतही नाही.

माझी बटणं आता झिजलीत, माईकला चिकटपट्टी लावलीय, पण मार्क अजून चोख देतो. म्हणून तुम्हाला विनवतोय. भोरच्या एसटीत, उत्रोलीच्या वाटेवर नूतन भेटली तर तिला सांगा, बाई, सोपं गाणं निवडू नकोस. सगळ्यात अवघड काढ आणि तेही वाईट म्हण. खुर्शिदाला पुन्हा बोलावलं तर तिलाही तेच सांगा, तिच्या मागून येणारीलाही सांगा. एकूण एक बायांनी बेसूर म्हटलं की पाहुणे आपसूक चहा पिऊन उठतील. तसं म्हटलं तर अकराच्या वर मी कुणाला एक मार्क देणार नाही. माझा हा निरोप तेवढा पोचवा.