साहेबांची गार सीट

नवी मोठी गाडी आल्यापासून दादासोंना सारजाच्या बारक्या गाडीची लाज वाटायला लागली. "माझी बायको डबड्यातनं फिरती, शोभतं का?" असं म्हणत त्यांनी ती परस्पर ओळखीतल्या मोहनरावांना देऊन टाकायचं ठरवलं. मोहनराव संध्याकाळी वडगावला घरी येऊन ती नेणार, हे सारजाला त्याच सकाळी कळलं. पन्नाशीला टेकल्यावर ती त्या गाडीवर चालवायला शिकली होती. भिगवणला बहिणीकडं जायचं तर तेव्हापासून कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. त्याच दिवशी इंदापूरला दादासोंचं इंधनबचतीवर भाषण होतं, तिकडं ती आपलीच गाडी घेऊन निघाली. मोठीत जागाच नव्हती. तीत हारतुरे आणि कार्यकर्ते होते.

भाषण झकास झालं. "धुरानं पृथ्वी तापली! कमी तेलात जास्त पळणारी गाडी घ्या! उभ्या गाडीचं इंजिन बंद करा!" दादासो गरजले. बाहेर त्यांचीच गाडी एसी लावून घुरघुरत होती. साहेबांना गार सीट लागते. शिवाय चालू इंजिन दिसलं की लोकांना कळतं, आत मोठं माणूस आहे. धूर सभागृहाच्या खिडकीतून थेट पहिल्या रांगेत. सारजानं नाकाला पदर लावला. शेजारणीला वाटलं, नवऱ्याचं भाषण ऐकून बाई गहिवरली.

परतताना भवानीनगरच्या अलीकडं मोठी गाडी आचके देत थांबली. कार्यकर्ते उसाच्या ट्रॅक्टरवर चढून पसार झाले.

"डिझेल संपलं," ड्रायव्हर बिरू म्हणाला.

"मग भरायचं न्हाय व्हय?"

"तुमीच म्हनला, बंद करू नको, जागची हलवू नको."

मागून सारजा आली. काच खाली करून म्हणाली, "बसताय का डबड्यात?"

बिरूला राखणीला ठेवून दादासो गुडघे पोटाशी घेऊन बसले. घामानं निथळत त्यांनी एसीकडं हात नेला.

"ऱ्हाऊ द्या. तेल वाचतं म्हनं. आत्ताच एक साहेब सांगत होते."

तेवढ्यात मोहनरावांचा फोन आला. दादासोंनी एकदा मागं उरलेल्या धुडाकडं पाहिलं, एकदा बायकोच्या स्टेअरिंगवरच्या हाताकडं.

"मोहनराव, बारकी न्हाय द्यायची आता. मोठी घेताय का?"

पलीकडचं हसू सारजालाही ऐकू आलं. "तिला पोसनार कोन, दादासो?"

दादासोंनी फोन खिशात टाकला. बऱ्याच वेळानं सारजानं एसीचं बटण फिरवलं. एकवरच.